लिनक्स संगणकावरील वाय-फाय जोडणीचे दोषनिवारण

लिनक्स संगणकावरील वाय-फाय जोडणीचे दोषनिवारण म्हणजे लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या घरगुती संगणकाची बिनतारी इंटरनेट जोडणी बंद, तुटक किंवा संथ झाली असता तिचे कारण शोधून दूर करण्याची पद्धत होय. संगणकातील वाय-फाय कार्ड, त्याचा ड्रायव्हर, घरातील राउटर आणि सेवा पुरवठादाराची बाहेरून आलेली वाहिनी या साखळीतील कोणतीही कडी निसटली, तरी वापरकर्त्याला लक्षण एकच दिसते : पान उघडत नाही. त्यामुळे 'इंटरनेट चालत नाही' या एकाच तक्रारीखाली परस्परांशी संबंध नसलेले अनेक दोष दडलेले असतात.

दोष कोठे आहे हे न पाहता उपाय सुरू केल्यास नुकसान होते. संपूर्ण प्रणाली पुसून नव्याने बसवणे हा असाच एक लोकप्रिय आणि बहुतेक वेळा अनावश्यक उपाय आहे. त्यात साठवलेली कागदपत्रे जाण्याचा धोका असतो आणि मूळ कारण कार्डाच्या फर्मवेअरचे असेल, तर नव्या प्रणालीतही ते जसेच्या तसे राहते. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून तो विद्यार्थ्याच्या हाती देण्याची पद्धत आता रूढ आहे. असे चांगले यंत्र केवळ वाय-फाय लागत नाही म्हणून अडगळीत पडू नये, यासाठी ही पद्धत ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

या लेखात आज्ञांची व फायलींची नावे देवनागरीत, अक्षरे सुटी करून दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि मधल्या रेघा वगळून टंकावी लागतात. अंकही इंग्रजीच टंकावेत.

पार्श्वभूमी

बिनतारी जाळ्यांचे ८०२.११ हे मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याआधीचा, १९९१ सालचा. असे असूनही या शतकाच्या पहिल्या दशकात लिनक्सवर वाय-फाय चालवणे हे चिकाटीचे काम होते. अनेक उत्पादक आपल्या चिपची अंतर्गत रचना उघड करत नसत आणि ड्रायव्हर केवळ विंडोजसाठी देत. त्यावर दोन वाटा निघाल्या. एन-डी-आय-एस-रॅपर या साधनाने विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवता येई. दुसरी वाट अधिक कष्टाची होती. कार्ड कसे वागते याचे निरीक्षण करून स्वयंसेवकांनी ड्रायव्हर नव्याने लिहिले. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपसाठीचा बी-४३ हा ड्रायव्हर असाच तयार झाला.

पुढे परिस्थिती पालटली. २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२२ या आवृत्तीत सर्व वाय-फाय ड्रायव्हरांना उपयोगी पडणारा एक सामायिक थर आला. २००८ मध्ये अथेरॉस कंपनीने आणि २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या काही चिपांसाठी मुक्तस्रोत ड्रायव्हर प्रसिद्ध केले. आज इंटेलची बहुतेक कार्डे लिनक्सवर विनासायास चालतात. अडचण उरली आहे ती प्रामुख्याने काही जुन्या ब्रॉडकॉम कार्डांची आणि स्वस्त यूएसबी कार्डांची.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांतील भेद येथे लक्षात घ्यावा. ड्रायव्हर संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो आणि कार्डाशी बोलतो. फर्मवेअर ही कार्डाच्या आतील लहान प्रोसेसरवर चालणारी संहिता असून बहुतेक कार्डांत ती कायमची साठवलेली नसते. संगणक सुरू होताना ड्रायव्हर ती डिस्कवरून उचलून कार्डात भरतो. ड्रायव्हर मुक्त असला तरी फर्मवेअर सहसा मुक्त नसते. म्हणूनच डेबियन वितरण अनेक वर्षे ते आपल्या अधिकृत स्थापना-संचात ठेवत नसे आणि नवख्या माणसाची स्थापना अर्ध्यावर अडकत असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून आवश्यक फर्मवेअर अधिकृत संचातच मिळू लागले. तत्त्वाच्या दृष्टीने ही तडजोड होती. व्यवहारात मात्र अनेकांची सोय झाली.

प्राथमिक तपासणी

प्रथम दोष संगणकात आहे की घराच्या जोडणीत, हे ठरवावे. त्यासाठी त्याच वाय-फायवर मोबाइल फोन जोडून एखादे पान उघडून पाहतात. ही चाचणी घेताना फोनचे मोबाइल डेटा बंद करणे अत्यावश्यक आहे. वाय-फायमधून इंटरनेट येत नसल्यास फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि घरची जोडणी ठीक असल्याचा भास होतो. फोनवरही पान उघडत नसेल, तर लिनक्सला हात लावण्याचे कारण नाही. फायबर जोडणीच्या डब्यावरील 'एल-ओ-एस' हा लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा संदेशच घरापर्यंत पोहोचत नाही आणि तक्रार पुरवठादाराकडे करावी लागते. वीज जाऊन परत आल्यावर डबा आणि राउटर पूर्ववत होण्यास काही मिनिटे लागतात, तेवढी वाट पाहावी.

दोष संगणकातच आहे असे ठरल्यावर एक पेच उभा राहतो : इंटरनेट दुरुस्त करायला लागणारी फाइल इंटरनेटवरच असते. राउटरपर्यंत तार नेता आल्यास उत्तम. ते शक्य नसल्यास अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने संगणकाला जोडून फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करतात. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर प्रचलित लिनक्स वितरणांत आधीपासून असतो, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. फोन वाय-फायवर असला, तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

कार्ड, ड्रायव्हर आणि फर्मवेअर

यानंतरची तपासणी खालून वर करतात : कार्ड दिसते का, ड्रायव्हर लागला का, फर्मवेअर भरले गेले का.

लॅपटॉपच्या आतील कार्डासाठी 'एल-एस-पी-सी-आय' ही आज्ञा आणि तिच्यापुढे 'एनएनके' हा पर्याय देतात. यूएसबी कार्डासाठी 'एल-एस-यू-एस-बी' वापरतात. पहिल्या आज्ञेच्या उत्तरात 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'वायरलेस' असा उल्लेख असलेली ओळ शोधावी. तिच्यात चिपचे नाव आणि चौकटी कंसात दोन भागांचा ओळख-क्रमांक असतो. खोक्यावरील नावापेक्षा हा क्रमांक अधिक विश्वसनीय आहे, कारण उत्पादक तेच नाव ठेवून आतली चिप बदलतात. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन-७२२-एन या परिचित यूएसबी कार्डाच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून तिच्या जागी रिअलटेकची चिप आली. नाव व रूप तेच, ड्रायव्हर मात्र सर्वस्वी वेगळा. अशा वेळी एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याने खरेदी केली की फसगत ठरलेली.

कार्ड यादीतच नसेल, तर ते सैल झालेले, बायोसमध्ये बंद केलेले किंवा निकामी असू शकते. काही यूएसबी कार्डे संगणकाला प्रथम सीडी-ड्राइव्ह म्हणून आपली ओळख देतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो. त्यांना 'यूएसबी-मोडस्विच' या साधनाने वाय-फाय कार्डाच्या रूपात आणावे लागते.

वरील उत्तरात 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असल्यास ड्रायव्हर लागलेला आहे. नसल्यास तो शोधून बसवावा लागतो. ड्रायव्हर असूनही कार्ड मुके राहिले, तर कर्नलची नोंदवही वाचावी. ती 'डी-एम-ई-एस-जी' या आज्ञेने दिसते आणि अनेक वितरणांत तिच्याआधी 'सुडो' लिहावे लागते. तेथे फर्मवेअर भरता न आल्याचा संदेश व शेवटी 'एरर' आणि उणे २ हा आकडा दिसल्यास त्याचा अर्थ 'फाइल सापडली नाही' एवढाच असतो. त्याच ओळीत हव्या असलेल्या फाइलचे नावही दिलेले असते. वितरणाच्या भांडारातील फर्मवेअरचा संच बसवून संगणक पुन्हा सुरू केला की काम होते. मात्र एकच ओळ पाहून निष्कर्ष काढू नये. इंटेलचा ड्रायव्हर फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीपासून जुन्या आवृत्तीपर्यंत क्रमाने शोध घेतो, त्यामुळे एक-दोन फायली न सापडल्याच्या नोंदीनंतर तिसरी सापडल्याची नोंद असू शकते. तो दोष नव्हे.

कर्नल अद्ययावत केल्यानंतर वाय-फाय नाहीसे झाले, अशी तक्रार वारंवार आढळते. कर्नलबाहेरचा, वेगळा बसवलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा संकलित करावा लागतो. 'डी-के-एम-एस' ही व्यवस्था ते आपोआप करते, परंतु नव्या कर्नलच्या हेडर फायली उपलब्ध नसल्यास तिचे काम अडते. तात्पुरता उपाय सोपा आहे : संगणक सुरू होताना ग्रब यादीतून आधीचा कर्नल निवडावा. दुसरे कारण 'सिक्युअर बूट' हे असते. ते चालू असताना मान्य स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल स्वीकारत नाही. अशा ड्रायव्हरवर स्वतःची किल्ली वापरून स्वाक्षरी करता येते. सिक्युअर बूट बंद करणे हा जवळचा मार्ग असला, तरी त्याने सुरक्षेचे एक कवच जाते.

विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर असल्यास आणखी एक संभव ध्यानात ठेवावा. विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे संगणक बंद केला तरी पूर्णपणे बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट निद्रिस्त स्थितीत लिनक्सच्या हाती येते. ही सोय विंडोजमध्ये जाऊन बंद करावी लागते.

रेडिओ बंद असणे

'आर-एफ-किल लिस्ट' ही आज्ञा दोन प्रकारचे अडथळे दाखवते. सॉफ्ट ब्लॉक हा प्रणालीने घातलेला असतो आणि 'आर-एफ-किल अनब्लॉक वाय-फाय' असे लिहून उठवता येतो (तेथे वाय-फायचे रोमन रूप मधल्या रेघेशिवाय, चार अक्षरी आहे). हार्ड ब्लॉक हा यंत्राच्या कळीचा असतो आणि कोणत्याही आज्ञेने उठत नाही. जुन्या लॅपटॉपांच्या कडेला यासाठी सरकती कळ असे, नंतरच्या लॅपटॉपांत 'एफ-एन' कळीसह दाबायची विमानाच्या चित्राची कळ आली. पिशवीत ठेवताना सरकलेली ही कळ कोणाच्या लक्षात येत नाही आणि तासभर ड्रायव्हरची झडती चालते.

जाळ्याचे नाव न दिसणे

कार्ड चालू आहे, शेजाऱ्यांची जाळी दिसतात, आपलेच दिसत नाही, असेही घडते. याचे कारण बहुधा वारंवारितेचे असते. जुनी व स्वस्त कार्डे केवळ २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जाणतात, त्यांना ५ गिगाहर्ट्झवरील जाळे दिसणारच नाही. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील वाहिन्यांबाबत देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. भारतात १ ते १३ या वाहिन्या वापरता येतात, अमेरिकेतील उपकरणे सहसा ११ पर्यंतच जातात. परदेशातून आणलेल्या लॅपटॉपचे कार्ड अमेरिकी नियमांना बांधलेले असेल आणि राउटरने स्वतःहून १२ वी किंवा १३ वी वाहिनी निवडली, तर त्या लॅपटॉपपुरते जाळे अदृश्य होते. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर वाहिनी बदलू शकत असल्याने 'काल चालत होते, आज नाही' हे कोडे पडते. 'आय-डब्ल्यू रेग गेट' या आज्ञेने संगणक कोणत्या देशाचे नियम पाळतो हे कळते. राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ ही वाहिनी कायम करणे हा खात्रीचा उपाय होय.

५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील काही वाहिन्या रडारशी सामायिक आहेत. त्यांवर प्रक्षेपण सुरू करण्यापूर्वी राउटर सुमारे एक मिनिट रडारचा कानोसा घेतो, म्हणून नाव उशिरा दिसते.

परवलीचा शब्द

योग्य परवलीचा शब्द देऊनही जोडणी नाकारली जात असेल, तर प्रथम कळफलकाची भाषा पाहावी. मराठी कळफलक चालू राहिला असेल, तर टंकलेली अक्षरे देवनागरी उमटतात आणि ठिपक्यांच्या आड ती दिसत नाहीत. डब्ल्यूपीए-२ पद्धतीत परवलीचा शब्द ८ ते ६३ रोमन अक्षरे, अंक वा चिन्हे यांचा असतो. लहान-मोठ्या अक्षरांत भेद असतो. 'शब्द दाखवा' हा पर्याय निवडून एकदा डोळ्यांनी वाचणे श्रेयस्कर.

जाळ्याचे नाव मात्र देवनागरीत ठेवता येते. त्यासाठी ३२ बाइटांची मर्यादा असून यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि अनुस्वार ३ बाइट घेतो. त्यामुळे 'जोशी वाडा' हे नाव २५ बाइटांत बसते, 'देशपांडे वाडा' मात्र ३७ बाइटांचे होऊन बाहेर पडते.

नव्या राउटरवर केवळ डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा ठेवली असल्यास जुनी कार्डे जोडली जात नाहीत. तेथे डब्ल्यूपीए-२ व ३ असा मिश्र पर्याय निवडावा. राउटरचा परवलीचा शब्द बदलल्यावर संगणकातील जुनी नोंद आड येते, ती नेटवर्क मॅनेजरमधून पुसून नव्याने जोडणी करावी.

जोडणी होऊनही पान न उघडणे

पडद्यावर वाय-फायचे चिन्ह दिसते, पण पान उघडत नाही, या स्थितीत ड्रायव्हर व फर्मवेअर यांना सहसा दोष नसतो. येथे चार प्रश्न क्रमाने विचारतात आणि पहिले 'नाही' जेथे येईल तेथेच दोष शोधतात.

संगणकाला पत्ता मिळाला आहे का, हे 'आय-पी ए' या आज्ञेने कळते. घरगुती जाळ्यात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता राउटरने दिलेला नसून संगणकाने स्वतःच घेतलेला असतो. राउटरशी बोलणे होते का, हे पाहण्यासाठी 'आय-पी आर' या आज्ञेतून राउटरचा पत्ता घेऊन त्याला 'पिंग' करतात. ते जमल्यास बाहेरच्या एखाद्या क्रमांकाला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, पिंग करतात. राउटर उत्तर देतो पण बाहेरचा क्रमांक देत नाही, असे असल्यास दोष बहुधा राउटरच्या पलीकडे आहे. क्रमांक उत्तर देतो पण संकेतस्थळाचे नाव दिल्यास उत्तर येत नाही, तर नावाचे क्रमांकात रूपांतर करणारी डीएनएस सेवा बिघडली आहे. ती 'रिझॉल्व्ह-सी-टी-एल स्टेटस' या आज्ञेने तपासता येते, आणि जोडणीच्या सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस क्रमांक घालून पाहता येतो.

चारही उत्तरे 'होय' असूनही ब्राउझर 'जोडणी सुरक्षित नाही' असे सांगत प्रत्येक पान अडवत असेल, तर घड्याळ पाहावे. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख अनेक वर्षे मागे जाते. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते आणि मागे गेलेल्या तारखेला ती अजून सुरूच झालेली नसते. अल्प किमतीची बॅटरी बदलली की 'इंटरनेट' दुरुस्त होते.

काही संकेतस्थळे उघडतात व काही अर्ध्यावर थिजतात, हे लक्षण पाकिटांच्या आकारमानाचे असू शकते. ब्रॉडबँडच्या पीपीपीओई जोडणीत कमाल आकार १५०० ऐवजी १४९२ बाइट असतो. राउटरने याची दखल घेतली नसेल, तर संगणकावर एमटीयू हे मूल्य १४९२ करून पाहावे.

संथ व तुटक जोडणी

वारंवार तुटणाऱ्या जोडणीत पहिला संशय वीजबचतीवर घ्यावा. लॅपटॉपची बॅटरी टिकावी म्हणून कार्ड मधूनमधून डुलकी घेते आणि काही कार्डे त्यातून वेळेवर जागी होत नाहीत. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंग फाइलमध्ये 'वाय-फाय.पॉवरसेव्ह' या नोंदीचे मूल्य २ केल्यास ही बचत बंद होते.

संदेशाचे बळ डीबीएम या एककात मोजतात आणि ते उणे आकड्यांत येते. उणे ५० उत्तम, उणे ६७ च्या आसपास कामचलाऊ, उणे ८० म्हणजे जवळजवळ निरुपयोगी. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, सिमेंट-सळयांची भिंत हे सर्व संदेश अडवतात. कोकणातील चिऱ्यांच्या जाड भिंतींच्या घरात राउटर ओटीवर आणि संगणक माजघरात असेल, तर ड्रायव्हर बदलून काही साधत नाही, राउटर हलवावा लागतो. मायक्रोवेव्ह भट्टी २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात काम करते. यूएसबी ३.० च्या तारांतून आणि डिस्कमधूनही याच पट्ट्यात गोंगाट पसरतो. नखाएवढे यूएसबी कार्ड निळ्या सॉकेटात, डिस्कच्या शेजारी लावले असल्यास ते एक हात लांबीच्या वाढीव तारेवर नेऊन पाहावे.

कार्ड बदलणे

सर्व उपाय करूनही कार्ड साथ देत नसेल, तर ते बदलता येते. लॅपटॉपातील कार्ड सहसा एम.२ किंवा त्याआधीच्या मिनी पीसीआय एक्सप्रेस खाचेत एका स्क्रूने बसवलेले असते आणि अँटेनाच्या दोन बारीक तारा त्याला टिचकीने जोडलेल्या असतात. काही अतिपातळ लॅपटॉपांत मात्र ते मदरबोर्डवरच झाळलेले असते. खरेदीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस उत्पादकाने मान्य केलेल्या कार्डांखेरीज दुसरे कार्ड स्वीकारत नाही. तसेच इंटेलची 'सी-एन-व्ही-आय' प्रकारची कार्डे एम.२ खाचेत बसत असली, तरी त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसर-संचात असतो. त्यामुळे एएमडीच्या किंवा जुन्या इंटेल यंत्रात ती चालत नाहीत. यूएसबी कार्ड घ्यायचे झाल्यास ज्याच्या चिपचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट आहे तेच घ्यावे, म्हणजे कर्नल बदलला तरी पुन्हा खटाटोप करावा लागत नाही.